स्मृतिभ्रंशाच्या घरात ॲपची चाचणी कशी करावी

औषधांची आठवण करून देणारे, बाहेर पडलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारे, जुने फोटो आणि गाणी समोर आणणारे किंवा सांभाळणाऱ्यांना धडे देणारे ॲप बनवावे, असा विचार अनेक संस्था, महाविद्यालयांतील गट आणि छोट्या कंपन्या करत असतात. ॲप सादरीकरणात देखणे दिसते आणि घरात गेल्यावर थोड्याच दिवसांत कोपऱ्यात पडते. त्याचे एक मोठे कारण चाचणीच्या पद्धतीतच असते. अशा घरात ॲपचा वापरकर्ता एक नसतो. फोन विकत घेणारा मुलगा, तो चार्जिंगला लावणारी सून, ज्यांच्या हातात तो दिला जातो ते आजोबा आणि दिवसभर घरात असणारी ब्युरोची मावशी या चौघांचे अनुभव वेगवेगळे असतात. पण संशोधकाच्या वहीत बहुधा मुलाचेच उत्तर उतरते, कारण तो सहज भेटतो, मुद्देसूद बोलतो आणि त्याच्याकडे ई-मेल असतो. पुढील पायऱ्या महाराष्ट्रातील मराठी घरे नजरेसमोर ठेवून लिहिल्या आहेत. पुण्या-ठाण्यातील स्वमदत गटांत रूढ असलेले शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द मी अनुक्रमे आजार असलेल्या व्यक्तीसाठी आणि तिला सांभाळणाऱ्यासाठी वापरतो.

पायरी १ : प्रश्न आधी, पद्धत नंतर

‘आमचे ॲप वापरायला सोपे आहे का’ हा प्रश्न संशोधनासाठी निरुपयोगी आहे. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) हे एका आजाराचे नाव नाही. अल्झायमर सर्वाधिक आढळतो, पण मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाडामुळे होणारा, मेंदूत लेवी बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे साठल्याने होणारा आणि मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांना ग्रासणारा फ्रंटोटेम्पोरल हे प्रकारही आहेत आणि प्रत्येकात फोनशी होणारी झटापट निराळी असते. अल्झायमरच्या सुरुवातीला नवी गोष्ट लक्षात राहत नाही, पण अंगवळणी पडलेल्या कृती बराच काळ टिकतात. लेवी बॉडीमध्ये एकाच माणसाची समज दिवसागणिक, कधी तासागणिक वरखाली होते आणि नसलेली माणसे दिसतात. फ्रंटोटेम्पोरलमध्ये स्मरण बरे असूनही संयम सुटतो, त्यामुळे ऑनलाइन खरेदीचे बटण धोक्याचे ठरते. म्हणून प्रश्न असा नेमका असावा : ‘सौम्य अवस्थेतील अल्झायमर असलेली, पूर्वीपासून स्मार्टफोन वापरणारी व्यक्ती औषधाची सूचना ऐकून कोणाच्याही मदतीशिवाय गोळी घेते का, आणि घेतली नाही तर ते घरात कोणाला, कधी कळते?’ या प्रश्नात माणूस, अवस्था, कृती आणि घर ही चारही अंगे आली आहेत.

पायरी २ : परवानगी आणि संमती

संशोधन संस्थेचे असो वा कंपनीचे, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी घ्यावी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती या तत्त्वांनुसार विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटात येतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हाही चाळून पाहावा. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरण आणि स्थळकाळाचे भान यांतील गंभीर बिघाड येतो आणि कलम ९९ संशोधनातील संमतीविषयी आहे. ज्या व्यक्तीला संमती देता येत नाही तिच्यावर मानसशास्त्रीय स्वरूपाचा उपाय करून पाहायचा असेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या परवानगीचा मुद्दा तेथे येतो. बुद्धीला चालना देणारे खेळ असलेले ॲप त्या कक्षेत येते की नाही, हे समितीला लेखी विचारून घ्यावे. स्वतःच ठरवू नये.

सहीचा कागद ही संमतीची केवळ सुरुवात आहे. परिचर्याशास्त्राच्या संशोधक जॅन ड्यूइंग यांनी २००७ मध्ये मांडलेली प्रक्रियात्मक संमतीची पद्धत या कामाला सर्वांत योग्य वाटते. एरवी ही व्यक्ती होकार कसा दर्शवते आणि नकोसे झाले की काय करते, हे आधी जाणून घ्यायचे. मग दर भेटीत आणि भेटीच्या मध्येही तो होकार टिकून आहे का, हे पाहत राहायचे. मंगळवारी आनंदाने ‘हो’ म्हटलेल्या आजींना शुक्रवारी तुम्ही कोण हेच ठाऊक नसेल, तर मंगळवारची सही दाखवून काम सुरू करणे गैर आहे. कुटुंबीयांची संमती वेगळी घ्यावी, पण ती शुभार्थींच्या नकारावर मात करू शकत नाही, हे कुटुंबीयांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

आपल्याकडची एक अडचण परदेशी पाठ्यपुस्तकांत फारशी सापडणार नाही. अनेक घरांत आजाराचे नाव शुभार्थींना सांगितलेलेच नसते. माहितीपत्रकावर ‘डिमेन्शिया’ असे ठळक छापून ते आजोबांच्या हातात दिले, तर संशोधकच निदान जाहीर करून मोकळा होतो. म्हणून पहिल्या फोनवरच शुभंकरांना विचारावे की घरात या त्रासाला काय म्हणतात. ‘विसरायला होतं’ असे म्हणत असतील तर पत्रकात तेच लिहावे. मात्र खोटे सांगू नये. आजोबांनी थेट विचारले, ‘मला काय झालंय?’ तर ‘ते डॉक्टरांनाच विचारलेलं बरं, आपण त्यांना विचारायला सांगू’ असे उत्तर द्यावे आणि ती नोंद कुटुंबीयांपर्यंत पोहोचवावी. ही मांडणी नीतिशास्त्र समितीसमोर आधीच ठेवावी आणि निदान माहीत नसलेल्या व्यक्तीला गटचर्चेत बसवू नये.

पायरी ३ : घरे शोधणे

लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. संशोधनात भाग घेणारे मात्र बहुधा कोथरूड किंवा दादरच्या सदनिकेतील निवृत्त अधिकारी असतात. रुग्णालयांतील स्मृती चिकित्सालये, अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा आणि शुभंकरांचे आधारगट हे सोयीचे मार्ग आहेत. पण तेथे पोहोचलेली कुटुंबे मुळातच जागरूक असतात. ज्येष्ठ नागरिक संघ, तालुक्याच्या गावातील जनरल प्रॅक्टिशनर आणि आशा कार्यकर्त्या यांच्यामार्फत गेल्यास निराळी घरे मिळतात.

सर्वसाधारण ॲपच्या चाचणीत पाच-सहा माणसांत मोठ्या उणिवा दिसतात, हा संकेत येथे तसाच लागू करू नये, कारण माणसामाणसांत फरक फार असतो. तरीही चाळीस घरांत एकेकदा जाण्यापेक्षा आठ-दहा घरांत पुन्हा पुन्हा जाणे मी केव्हाही पसंत करीन. निवड करताना शिक्षण, लिपीची सवय, पूर्वी कोणता फोन वापरला, दृष्टी, श्रवण आणि घरात रात्री कोण असते, हे विचारावे. कोणाच्या नावावर फोन आहे यापेक्षा तो कोणाच्या हातात असतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

मानधन भेटीच्या सुरुवातीलाच द्यावे, म्हणजे मध्येच थांबण्याची मोकळीक खरी राहते. शुभार्थी, शुभंकर आणि मावशी यांचे मानधन वेगवेगळ्या पाकिटांत असावे.

पायरी ४ : घरी जाण्यापूर्वी

ज्या उणिवा कागदावर सापडतात त्या शोधण्यासाठी आजारी माणसाचा वेळ घेऊ नये. वेबच्या सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील विरोधासाठी (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हे गुणोत्तर सांगतात आणि त्यांच्या २०२३च्या २.२ आवृत्तीत बटणाच्या आकाराचा किमान निकषही आहे. बोधात्मक (लक्ष, स्मरण, समज यांच्या) अडचणी असलेल्या लोकांसाठी वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०२१ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शनही प्रसिद्ध केले आहे. हे सारे आधी तपासावे, मग ज्येष्ठ नागरिक संघातील निरोगी सभासदांसोबत एक रंगीत तालीम करावी आणि त्यानंतरच स्मृतिभ्रंशाच्या घराची पायरी चढावी.

पहिली भेट ॲप न दाखवता व्हावी. चहा घ्यावा, घर पाहावे, फोन कुठे ठेवला जातो ते पाहावे. ठावठिकाणा कळवणारे अनेक ॲप येथेच निकालात निघतात. आजोबा फोन सदऱ्याच्या खिशात ठेवतात, पण फिरायला जाताना सदरा बदलतात. आजींच्या साडीला खिसाच नसतो, त्यामुळे त्यांचा फोन टीव्हीशेजारी किंवा देवघराच्या फळीवर राहतो आणि त्या मात्र जिना उतरून गेलेल्या असतात.

वेळ सकाळची घ्यावी. आंघोळ-नाश्ता उरकल्यावर, साधारण दहा ते बारा. दिवस मावळताना अनेकांची घालमेल वाढते, त्या वेळी चाचणी ठेवू नये. मात्र ॲप संध्याकाळच्या अस्वस्थतेसाठीच असेल, तर त्या वेळेची नोंद शुभंकरांकडून घ्यावी. डॉक्टरांनी नुकतीच गोळी बदलली असेल, घरात पाहुणे असतील किंवा गणपतीचे दिवस असतील, तर तारीख पुढे ढकलावी.

पायरी ५ : प्रत्यक्ष चाचणी

दोघा संशोधकांनी जावे. एकाने शुभार्थींच्या शेजारी बसावे. समोर बसल्यास मुलाखत किंवा तोंडी परीक्षा वाटते. टीव्ही बंद, चष्मा पुसलेला, श्रवणयंत्र चालू आणि खिडकीचा उजेड पडद्यावर न पडणारा, एवढी पूर्वतयारी केली तरी निम्म्या अडचणी टळतात. सुरुवात त्यांना येत असलेल्या गोष्टीने करावी, उदाहरणार्थ मुलीला फोन लावणे.

मनात चाललेले मोठ्याने बोलत काम करा, ही या क्षेत्रातील लाडकी पद्धत येथे वापरू नये. काम करणे आणि त्याविषयी बोलणे या दोन गोष्टींचा भार एकदम पडला, की काम बिघडते आणि दोष ॲपचा की पद्धतीचा, हे कळेनासे होते. ‘आठवतं का’, ‘मघाशी काय केलंत’, ‘असं का केलंत’ हे प्रश्नही टाळावेत. त्यांची उत्तरे स्मरणावर अवलंबून असतात आणि न आठवल्याची लाज तेवढी पदरी पडते. शिवाय अनेकांना आपल्या विसरण्याची जाणीवच नसते, त्यामुळे ‘काही अडचण आली का’ यावर ‘छे, काही नाही’ हे उत्तर अगदी प्रामाणिक असते.

त्याऐवजी मदतीची उतरंड आखून ठेवावी आणि प्रत्येक कृतीत कोणत्या टप्प्यावर काम झाले, ते टिपावे. आधी काहीही न बोलता थांबावे. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे, कारण ही शांतता संशोधकालाच अधिक सहन होत नाही. मग मोघम विचारावे, ‘आता काय करू या?’ त्यानंतर दिशा द्यावी, ‘खाली काही दिसतंय का?’ मग बोट दाखवावे आणि अखेरीस स्वतः करून दाखवावे. ‘काम झाले किंवा झाले नाही’ या नोंदीपेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगी पडते, कारण मोघम प्रश्नाने जमणारे काम चांगल्या सूचनेने जमू शकते, पण हात धरूनच जमणारे काम शुभार्थींच्या वाट्याला ठेवण्यात अर्थ नसतो.

औषधाच्या सूचनेचे उदाहरण घेऊ. ठरल्या वेळी फोनमधून घंटी वाजते. आजी फोन उचलून कानाला लावतात आणि म्हणतात, ‘हॅलो, कोण बोलतंय?’ त्यांच्या लेखी फोन वाजला म्हणजे कोणीतरी बोलावते आहे, आणि ही सवय इतकी जुनी आहे की आजारातही टिकली आहे. आवाज थांबत नाही, म्हणून त्या पडद्यावर दिसेल ते बटण दाबतात. ते असते ‘औषध घेतले’. घंटी थांबते, आजींना हायसे वाटते, मुलाच्या फोनवर हिरवी खूण उमटते आणि गोळी डबीत तशीच राहते. मुलाला विचारले असते तर ॲप उत्तम चालते, असेच तो म्हणाला असता. म्हणून चाचणीत पडद्याइतकेच डबीकडेही लक्ष ठेवावे.

व्हिडिओ कॉलच्या चाचणीतही डोळे उघडे ठेवावेत. कोपऱ्यातील छोट्या चौकटीत स्वतःचा चेहरा पाहून ‘ही कोण बाई मध्ये आलीय?’ असा प्रश्न येऊ शकतो, कारण काहींना आपलेच प्रतिबिंब ओळखू येत नाही. बंद पडद्याच्या काळ्या काचेवरही हेच घडते. मुलाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली सूचना प्रेमळ वाटते खरी, पण ती ऐकून आई मुलाला शोधत दारापर्यंत जाते का, हे पाहिल्यावाचून ती वापरू नये. नातवाचा आजचा फोटो अनोळखी वाटतो आणि पाचवीतला ओळखू येतो, अशीही शक्यता असते. म्हणून फोटोंचा संच वेगवेगळ्या काळांतील असावा.

स्पर्शाकडेही लक्ष द्यावे. वयोमानाने कोरड्या झालेल्या बोटांचा स्पर्श पडदा नेहमी टिपत नाही. मग बोट जोरात आणि लांब दाबले जाते आणि दीर्घ दाबाने उघडणारा भलताच मेनू समोर येतो. आकडे देवनागरीत की इंग्रजीत, याचाही अंदाज बांधू नये. मराठी शाळेत शिकलेल्या व्यक्तीला घड्याळ आणि फोनचे आकडे इंग्रजीत आणि तिथी-वार देवनागरीत सोयीचे वाटणे अगदी शक्य असते, तेव्हा दोन्ही दाखवून पाहावे.

निवृत्त शिक्षकांना, आणि एकूणच परीक्षा घेण्यात आयुष्य घालवलेल्यांना, हा प्रकार पटकन झोंबतो. ‘चुकलं का माझं?’ असे विचारले गेले, तर ‘तुमचं नाही, आमच्या यंत्राची परीक्षा चालली आहे’ हे उत्तर तयार असावे. वारंवार उठणे, पदर किंवा सदऱ्याचे टोक चाळवणे, दाराकडे पाहणे, स्वतःच्याच घरात ‘मला घरी जायचंय’ म्हणणे ही थांबण्याची चिन्हे आहेत. अर्ध्या तासाच्या आत आटोपते घ्यावे आणि शेवट त्यांना हमखास जमणाऱ्या कृतीने करावा.

पायरी ६ : शुभंकरांशी स्वतंत्र बोलणे

शेजारी बसलेला शुभंकर शुभार्थींच्या वतीने उत्तरे देतो. त्यात वाईट हेतू नसतो, रोजची सवय असते. आणि शुभार्थींसमोर तो स्वतःचे खरे बोलू शकत नाही. दुसरा संशोधक येथे उपयोगी पडतो. एक जण आजींबरोबर शेंगा सोलत बसतो, तेव्हा दुसऱ्याने सुनेशी स्वयंपाकघरात बोलावे. ‘साधारणपणे काय होते’ असे न विचारता ‘काल संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत काय काय झालं’ असे विचारावे. कालच्या दिवसाच्या वर्णनात तिने फोन कितीदा हातात घेतला, कोणत्या क्षणी दोन्ही हात गुंतले होते आणि रात्री तीन वाजता कोणती सूचना तिला नकोशी झाली, हे आपोआप येते. लेखी रोजनिशी भरून घेण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप मागवावा. थकलेल्या माणसाला बोलणे जमते, टंकणे जमत नाही.

ब्युरोची मावशी ही सर्वांत दुर्लक्षित साक्षीदार असते. ॲप तिच्या फोनवर नसते, पासवर्ड तिला दिलेला नसतो, आणि तरीही गोळी देणारी व्यक्ती तीच असते. तिच्याशी मालकिणीच्या गैरहजेरीत बोलावे आणि ॲपमधून तिच्यावर पाळत ठेवली जाते का, हेही विचारावे.

शुभंकरांसाठी वापरसुलभता मोजणारी दहा वाक्यांची सिस्टिम युजेबिलिटी स्केल ही प्रश्नावली चालते. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये ती बनवली. तिच्यात होकारार्थी आणि नकारार्थी वाक्ये आलटून-पालटून येतात, त्यामुळे शुभार्थींना ती देऊ नये. सांभाळणाऱ्यावरील ताण मोजणारी झारिटची २२ प्रश्नांची मुलाखत केवळ वापरसुलभतेच्या चाचणीत घुसडू नये, कारण त्या प्रश्नांनी मनातले बरेच काही वर येते आणि ते सावरण्याची तयारी संशोधकाकडे नसते. तरीही कोणाचा बांध फुटलाच, तर वही मिटावी, ऐकावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ व ज्येष्ठांसाठीच्या एल्डर लाइनचा १४५६७ हे क्रमांक छापलेले कार्ड देऊन यावे.

पायरी ७ : ॲप घरात राहू देणे

एका भेटीत कुतूहल मोजले जाते, वापर नव्हे. ॲप काही आठवडे घरात राहू द्यावे आणि मध्ये किमान दोनदा जावे. सर्व्हरवरील नोंदींवर एकट्याने विसंबू नये. ‘आज १४ वेळा उघडले’ याचा अर्थ आवड असा होतो, किंवा त्याच बटणावर १४ वेळा अडकणे असाही होतो. वापर थांबला तर कारण शोधावे : आजार पुढे सरकला, मावशी बदलली, फोन नातवाकडे गेला की रिचार्ज संपला?

आजार पुढे सरकणे हे येथे अपयश नव्हे. ॲपने तेव्हा काय करावे, हा रचनेचा प्रश्न आहे. शुभार्थींचा भाग हळूहळू कमी होऊन शुभंकरांकडे जाणे कसे व्हावे, हे त्या दोघांनाही आधी विचारावे.

पायरी ८ : नोंदी, निष्कर्ष आणि निरोप

विश्लेषण करताना प्रत्येक घराचे दोन रकाने करावेत, शुभार्थींचा आणि शुभंकरांचा, आणि जिथे ते जुळत नाहीत त्या जागा आधी वाचाव्यात. मुलीला दाराची सूचना हवी असते, वडिलांना ती पाळत वाटते. सरासरी काढल्यास दोघेही पुसले जातात. वेळ आणि चुका यांच्यापलीकडेही मोजण्यासारखे बरेच असते. स्कॉटलंडमधील डंडी येथे या शतकाच्या सुरुवातीला सर्का नावाची स्पर्शपडद्याची प्रणाली तयार झाली. ती जुने फोटो आणि गाणी यांच्या आधारे गप्पांना चालना देत असे. तिच्या संशोधकांनी संभाषणात पुढाकार कोण घेते, निवड कोण करते, हे पाहिले. आठवणींच्या ॲपसाठी हाच निकष योग्य वाटतो.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमतीची सूचना इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही उपलब्ध असावी लागते. मराठी त्यात आहेच, तेव्हा सूचना सुरुवातीपासून मराठीतच लिहावी. चित्रफितीत शुभार्थी गोंधळलेल्या अवस्थेत दिसतात. ती सादरीकरणात दाखवण्याची परवानगी चित्रीकरणाच्या परवानगीपासून वेगळी घ्यावी, आणि शक्य असेल तिथे चेहरा न घेता फक्त हात आणि पडदा चित्रित करावा.

प्रकल्प संपताना ॲप अचानक काढून घेऊ नये. ज्या घरात ते रुळले आहे तिथे ते किती दिवस चालू राहील, बिघडल्यास कोणाला फोन करायचा आणि साठलेले फोटो व नोंदी परत कशा मिळतील, हे मोठ्या अक्षरांत एका पानावर लिहून द्यावे. ते पान शुभार्थींना वाचून दाखवावे आणि फ्रिजवर किंवा कॅलेंडरशेजारी, त्यांची नजर जाते तिथे लावून यावे.